खाणीच्या पाण्याचा हिशेब

खाणीत साचलेले दूषित पाणी शुद्ध करून लोकांना प्यायला द्यावे की नाही, हा वाद जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा ठरलेल्या दोन रुळांवरूनच धावतो. एका बाजूला खाण कंपन्या आणि त्यांचे कौतुक करणारे असतात. प्रकल्पाच्या उद्घाटनाला पाहुणे पेलाभर पाणी पिऊन दाखवतात, टाकाऊतून संपत्ती निर्माण झाल्याची भाषणे होतात आणि बघता बघता कंपनीने गावावर उपकार केल्याची भाषा रूढ होते. दुसऱ्या बाजूला खाणीविरुद्ध वर्षानुवर्षे लढलेली माणसे असतात. त्यांचा राग खरा असतो, रागाची कारणेही खरी असतात. पण युक्तिवाद मात्र 'आमच्या लेकरांना विष पाजणार का?' या एका वाक्यापाशी येऊन थांबतो. एकाला या पाण्यात दान दिसते, दुसऱ्याला विष. मूळ प्रश्नाला दोघेही बगल देतात. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हे पाणी पिण्याच्या दर्जापर्यंत शुद्ध केलेच पाहिजे, आणि जिथे पाण्याची खरी टंचाई आहे तिथे ते लोकांना दिलेही पाहिजे. पण ते खाणमालकाच्या डोक्यावरचे कर्ज समजून. त्या कर्जाची तजवीज खाण चालू असतानाच, मालकाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतकी झालेली असली पाहिजे. ती झालेली नसेल तर नळजोडणी करू नये. शुद्धीकरणाचे तंत्र हा या वादातला सोपा भाग आहे. अवघड भाग पैशाचा, मालकीचा आणि काळाचा आहे, आणि त्यावर जवळपास कोणीच बोलत नाही.

आधी हे पाणी आहे तरी काय ते पाहू. कोळसा, सोने, तांबे, जस्त यांच्या कितीतरी खाणींच्या खडकात पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे पिवळे चमकदार खनिज. जमिनीखाली हवेपासून दूर आहे तोवर ते कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खाणकामात खडक फुटतो, भेगांतून हवा आत जाते, पाणी झिरपते, आणि पायराइटपासून गंधकाम्ल तयार होऊ लागते. लोहावर जगणारे जिवाणू या कामाला हातभार लावतात, मग तर त्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. हे आम्ल शेजारच्या खडकातून मँगनीज, ॲल्युमिनियम, जस्त, कॅडमियम, कुठे आर्सेनिक तर कुठे युरेनियम विरघळवून घेते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या जुन्या खाणीत सामू (पीएच: सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली, जितका कमी तितके आम्ल तीव्र) शून्याच्याही खाली, उणे 3.6 पर्यंत गेलेला मोजला गेला आहे. सगळीकडे इतकी टोकाची परिस्थिती नसते. उलट, बुडालेल्या खोल खाणीतून नुकतेच वर काढलेले, फारसे आम्लधर्मी नसलेले पाणी बाटलीत धरले तर कित्येकदा अगदी नितळ दिसते, कारण आत प्राणवायू नसल्याने लोह विरघळलेलेच असते. बाटलीचे झाकण उघडे ठेवा. काही तासांत पाण्यावर पिवळट झाक येते, मग ते नारिंगी गढूळ होते, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी गेरूसारखा मऊ गाळ बसलेला असतो. तो गाळ बसल्यावर वरचे पाणी पुन्हा नितळ दिसू लागते, तरी त्यातले सल्फेट (गंधकाम्लातून उरलेला क्षार) आणि मँगनीज तसेच असते. डोळ्यांनी पाहून या पाण्याबद्दल काहीही ठरवता येत नाही, हे समर्थकांनी जेवढे ध्यानात ठेवायला हवे तेवढेच विरोधकांनीही.

'मग खाणीच बंद करा' हे उत्तर इथे चालत नाही. खाण चालू असते तेव्हा निदान पंप तरी चालू असतात. ती बंद झाली की पंप थांबतात, पाणी बोगद्याबोगद्यातून वर चढते आणि इतकी वर्षे हवेत राहून भिंतींवर साचलेले आम्ल क्षार धुऊन घेते. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली व्हील जेन ही कथिलाची खाण 1991 मध्ये बंद झाली. जानेवारी 1992 मध्ये तिच्यात कोंडलेले कोट्यवधी लिटर धातुमिश्रित पाणी एकदम फुटून कार्नन नदीत आणि तिथून फालच्या खाडीत गेले. स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या काठी रोमन येण्यापूर्वीपासून खाणी खणल्या जात होत्या, आणि ती नदी आजही तांबडी आणि आम्लधर्मी आहे. मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांमध्ये कोळशासाठी पोखरलेल्या अरुंद बिळांवर राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2014 मध्ये बंदी घातली. पण आधीच खणून सोडून दिलेल्या हजारो खड्ड्यांतून पाझरणाऱ्या आम्लाला तो हुकूम कसा लागू होणार? नवी खाण होऊ नये म्हणून लढणे योग्यच आहे, कित्येक ठिकाणी आवश्यकही आहे. पण खणून झालेल्या खाणीचे पाणी त्या लढाईच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही.

आणि आता या वादातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. 'खाणीचे पाणी माणसांनी प्यावे का?' असे आपण विचारतो तेव्हा गृहीत हे असते की आज ते कोणी पीत नाही. हे गृहीतकच खोटे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड या खाणपट्ट्यात 1886 पासून सोने काढले गेले. खाणी बंद पडत गेल्या आणि ऑगस्ट 2002 मध्ये जोहान्सबर्गच्या पश्चिमेला, क्रूगर्सडॉर्पजवळ, जुन्या खाणींतले आम्ल पाणी जमिनीवर येऊन वाहू लागले. पुढच्या दशकात सरकारने पंप बसवले, चुन्याची निवळी टाकून आम्ल मारायचे प्रकल्प उभे केले. चुन्याने सामू वर येतो, लोह आणि बरेचसे धातू गाळात बसतात. पण सल्फेट एका मर्यादेखाली उतरत नाही. चुना आणि सल्फेट मिळून झालेले जिप्सम पाण्यात जेवढे विरघळते तेवढे ते राहतेच, लिटरला साधारण दीड-दोन ग्रॅम. असे अर्धवट शुद्ध झालेले पाणी ओढ्यांतून व्हाल नदीच्या खोऱ्यात जाते, आणि व्हाल ही त्या औद्योगिक पट्ट्याची जीवनवाहिनी आहे. नदी फार खारट होऊ नये म्हणून वरच्या धरणातून चांगले पाणी सोडून ती पातळ करावी लागते, आणि त्या धरणात शेजारच्या लेसोथो देशाच्या डोंगरांतून बोगद्यांनी आणलेले पाणी असते. शेकडो किलोमीटर दूरचे गोड पाणी आणायचे आणि ते खाणींचे क्षार धुण्यात घालवायचे! खालच्या गावांच्या नळाला जे येते त्यात खाणीचा अंश असतोच. त्याला कोणी खाणीचे पाणी म्हणत नाही, एवढेच.

युरोपातही हेच. 2022 च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. मारणारे होते एका शैवालाचे विष. पण मुळात खाऱ्या पाण्यात वाढणारे ते शैवाल गोड्या पाण्याच्या नदीत एवढे फोफावले कसे? नदी खारट होण्यात खाणींनी सोडलेल्या क्षारयुक्त पाण्याचा मोठा वाटा होता. वर्षानुवर्षे परवानगीच्या कागदावर सगळे ठीक होते, कारण नदीत भरपूर पाणी आहे, मिसळून जाईल, हा त्या कागदामागचा विश्वास होता. दुष्काळ पडला, पाणी कमी झाले, हिशेब उलटला. म्हणून मी म्हणतो की नदीत सोडण्यापुरते शुद्ध करणे हा मधला मार्ग वाटत असला तरी तो निम्म्यावर सोडलेला रस्ता आहे. ज्या नदीचे पाणी खाली लोक पितात, तिच्यात जाणारे पाणी पिण्याच्या दर्जाच्या जवळपास नसेल तर शुद्धीकरणाचा उरलेला खर्च आपण गुपचूप खालच्या गावांवर ढकललेला असतो. त्यांना कोणी विचारलेले नसते, आणि त्यांच्याकडे क्षार अडवणारे पडदे बसवायला पैसेही नसतात.

हे पाणी शुद्ध होते का? होते. विटवॉटर्सरँडच्या पूर्वेला, कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या इमालाह्लेनी या गावाजवळ 2007 पासून असा प्रकल्प चालू आहे. दिवसाला सुमारे अडीच कोटी लिटर क्षमतेने त्याची सुरुवात झाली आणि पुढे विस्तार करून ती दुप्पट केली गेली. त्याचे काम पायरीपायरीने चालते. आधी चुना टाकून आम्ल मारतात, हवा मिसळून लोह आणि मँगनीज खाली बसवतात, मग बारीक गाळणीतून पाणी पुढे पाठवतात आणि शेवटी मोठ्या दाबाने, घरगुती आरओ यंत्रात असतात तशा पडद्यांतून दाबतात. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. इथे खरी अडचण येते ती जिप्समची. सल्फेट आणि कॅल्शियम दाट झाले की पडद्यावर कठीण थर धरतो आणि पडदा कामातून जातो. म्हणून तिथे एका टप्प्यात उरलेले दाट पाणी बाहेर फेकत नाहीत. त्यातले जिप्सम मुद्दाम खाली बसवतात आणि निवळलेले पाणी पुन्हा पुढच्या पडद्यांवर घेतात. असे टप्प्याटप्प्याने केल्यामुळे आत आलेल्या पाण्यापैकी सुमारे 99 टक्के वापरण्याजोगे होऊन बाहेर पडते. खाली बसलेल्या जिप्समच्या विटा करून त्यांची घरेही बांधली गेली. शुद्ध झालेले पाणी खाणी वापरतात आणि पाण्याची कायम ओढ असलेल्या नगरपालिकेलाही ते जाते. फार वीज लागते हा आक्षेप इथे बहुतेकदा वाढवून सांगितला जातो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. कोळसा खाणींच्या आम्ल पाण्यात बहुधा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि जेवढे क्षार कमी तेवढा दाब कमी. समुद्र गोडा करणे ज्यांना परवडते त्यांनी खाणीच्या पाण्याला महाग म्हणू नये. अर्थात काही खोल खाणींचे पाणी समुद्राइतके किंवा त्याहून खारे असते. तिथे हे गणित मोडते, आणि तसे असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

आता विरोधकांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत त्यांच्याकडे येतो. पहिला सुरक्षिततेचा. ते म्हणतात, खाणीचे पाणी रोज एकसारखे नसते. पावसाळ्यात एक, नवा बोगदा जोडला की दुसरे. आणि आपण तपासतो ते यादीतल्याच घटकांसाठी. यादीत नसलेले काय? हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो, कारण त्याचा सगळ्यात भयंकर पुरावा बांगलादेशात आहे. 1970 च्या दशकापासून तिथे नद्या-तळ्यांच्या जंतूयुक्त पाण्याला पर्याय म्हणून लाखो नलिकाकूप (ट्यूबवेल) खणले गेले. जमिनीखालचे, नितळ, जंतूविरहित पाणी. त्यात आर्सेनिक असू शकते हे कोणी तपासलेच नाही. 1993 मध्ये ते उघड झाले तोवर कोट्यवधी माणसे ते पाणी पीत होती. पण या उदाहरणातून निघते काय? ते पाणी कोणत्याही खाणीतले नव्हते. निसर्गानेच दिलेले होते आणि सगळ्यांना पवित्र वाटत होते. उगमावर विश्वास ठेवला आणि तपासणीवर ठेवला नाही, म्हणून घात झाला. खाणीच्या पाण्याबाबत निदान संशय तरी पहिल्या दिवसापासून असतो. त्या संशयाचा उपयोग करून घ्यावा: त्या खडकात जे जे धातू आहेत त्या प्रत्येकाची तपासणी, सोन्याच्या खाणींत युरेनियमचीही, आणि नमुने घेणारी प्रयोगशाळा कंपनीच्या पगारावर नसलेली.

उगमापेक्षा प्रक्रिया निर्णायक ठरते हे 1892 च्या हॅम्बुर्गइतके लख्ख कुठेच दिसलेले नाही. त्या वर्षी जर्मनीतल्या या शहरात पटकीने (कॉलऱ्याने) साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मेली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता नळांना देत होते. त्याला लागूनच अल्टोना हे शहर होते. अल्टोना तेच पाणी घेत होते, किंबहुना त्याहून वाईट, कारण त्यांचा उपसा हॅम्बुर्गचे सांडपाणी नदीत मिसळल्यानंतरच्या जागी होता. पण अल्टोना ते पाणी वाळूच्या गाळण्यांतून संथपणे गाळून देत होते, आणि अल्टोना मोठ्या प्रमाणावर वाचले. दोन शहरांची हद्द काही ठिकाणी एकाच रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या एका अंगाला पटकी, दुसऱ्या अंगाला नाही. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी हा फरक टिपून जगासमोर मांडला. त्या काळी कोणी म्हणाले असते की घाणेरड्या नदीचे पाणी कितीही गाळा, आम्ही पिणार नाही, तर त्याची किळस अगदी समजण्याजोगी होती. पण त्या किळसेने एकही जीव वाचला नसता.

किळसेचा उल्लेख आलाच आहे तर तीही हसण्यावारी नेऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या टुवुम्बा शहरात दुष्काळ असताना 2006 मध्ये शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात घेण्यावर लोकांचे मत घेतले गेले आणि सुमारे 62 टक्क्यांनी नाही म्हटले. नामिबियाची राजधानी विंडहूक मात्र 1968 पासून शुद्ध केलेले सांडपाणी इतर पाण्यात मिसळून थेट नळाला देत आली आहे. टुवुम्बाची माणसे अडाणी होती असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांना विचारले गेले तेव्हा योजना जवळपास ठरून गेलेली आहे असे त्यांना वाटले, आणि अशा वेळी माणूस पाण्यापेक्षा ते देणाऱ्यावर अविश्वास दाखवतो. खाणींच्या बाबतीत तर त्या अविश्वासाला दशकांचा इतिहास असतो. ज्या कंपनीने विहिरी खराब केल्या तिच्याच शिक्क्याची शुद्धता लोकांनी का मानावी? मीही मानणार नाही. म्हणूनच प्रकल्प कोणाच्या पैशाने उभा राहतो आणि नळ कोणाच्या हातात असतो, या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

दुसरा वजनदार मुद्दा नैतिक आहे. पाणी शुद्ध करता येते असे एकदा दाखवले की खाणमालकाला मोकळे रान मिळते, परवाना मागताना तो हाच प्रकल्प पुढे करतो, आणि प्रदूषण रोखण्याची जबाबदारी मागे पडते. ही भीती काल्पनिक नाही. पण असाच वाद अमेरिकेत शतकापूर्वी एकदा पुरता लढवला गेला आहे. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीने पाणी पुरवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचले होते. शहराचे म्हणणे, पाणी शुद्ध हवे तर पाणलोटातल्या गावांचे सांडपाणी अडवा. कंपनीच्या बाजूने डॉ. जॉन लील यांनी 1908 मध्ये जलाशयातून शहराकडे जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. पाण्यात रसायन घालून मूळची घाण झाकायची, असाच आरोप तेव्हाही झाला. कोर्टाने अखेर क्लोरिनीकरण ग्राह्य मानले, आणि ते पाहता पाहता देशभर पसरले. विषमज्वराने (टायफॉइडने) होणारे मृत्यू घटण्यात त्याचा मोठा हात होता. शहराचा आग्रह चुकीचा होता का? अजिबात नाही, पाणलोट स्वच्छ ठेवायलाच हवा. पण पाणलोट स्वच्छ होईपर्यंत नळाला जंतू येऊ द्यायचे, ही किंमत त्या आग्रहासाठी मुलांनी मोजायची नव्हती. खाणीच्या बाबतीत मी इतकेच जोडतो: शुद्धीकरण प्रकल्प हे नव्या खाणपट्ट्याच्या अर्जात गुण मिळवण्याचे साधन होता कामा नये. ते जुन्या खाणीचे प्रायश्चित्त आहे, नव्या खाणीची शिफारस होऊ शकत नाही. पर्यावरण मंजुरीच्या नियमात हे एका ओळीत लिहिता येईल, आणि लिहायला हवे.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. त्याच्यापुढे तंत्रज्ञानाचे भक्त हमखास गप्प होतात. खाण वीस-तीस वर्षे चालते, आम्ल शतकानुशतके वाहते. पडदे दर काही वर्षांनी बदलावे लागतात, चुना रोज लागतो, वीज क्षणोक्षणी लागते, गाळाची विल्हेवाट कधीच संपत नाही. शेवटचा उरलेला खारट द्रव अस्तर घातलेल्या तळ्यात कायम राखावा लागतो. कोळसा संपला, कंपनी निघून गेली, आणि गाव मात्र एव्हाना त्याच पाण्यावर वाढलेले. मग? कोलोरॅडोतल्या समिटव्हिल सोन्याच्या खाणीच्या कंपनीने डिसेंबर 1992 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि विषारी पाणी सांभाळायचे काम एका रात्रीत सरकारच्या गळ्यात पडले. लोकांच्या करातून त्यावर कोट्यवधी डॉलर गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रूटव्लेई खाणीचा कारभार कोलमडल्यावर 2011 च्या सुमारास तिथले पंप थांबले आणि आसपासच्या खाणींत पाणी चढू लागले. ज्या इमालाह्लेनीचे मी वर कौतुक केले त्याचीही मालकी बदलली आहे: 2021 मध्ये मूळ कंपनीने तिथला औष्णिक (वीज केंद्रांना लागणाऱ्या) कोळशाचा धंदा वेगळा काढून थुंगेला ही नवी कंपनी केली आणि पाण्याचा प्रकल्प तिच्याकडे गेला. यात काही बेकायदा नाही, प्रकल्प चालूही आहे. पण गावाचे पाणी ज्या मालकाच्या भरवशावर सुरू झाले, तो मालक चौदा वर्षांत निघून गेला. पुढच्या शंभर वर्षांत आणखी किती जातील?

या मुद्द्याला 'कंपनीची हमी आहे' हे उत्तर पुरत नाही. हिशेबाची रीतच कंपनीच्या सोयीची आहे. सात टक्के दराने भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणला की शंभर वर्षांनी येणारा खर्च आजच्या कागदावर त्याच्या आठशेव्या हिश्शाहूनही लहान दिसतो. अनंत काळाचे कर्ज कागदावर असे किरकोळ होऊन जाते, आणि त्या किरकोळ आकड्याएवढी बँक हमी घेऊन सरकार समाधान मानते. नातवाच्या तोंडचे पाणी आठशेव्या हिश्शाने मोजायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तरीही यावर उत्तर नाही असे नाही. जर्मनीतल्या रूर या कोळसा पट्ट्यात ते शोधले गेले. दीडशेहून अधिक वर्षे कोळसा उपसल्याने तिथली जमीन काही भागांत 20 मीटरहून अधिक खचली आहे. पंप थांबले तर वस्तीची वस्ती पाण्याखाली जाईल आणि खाणींचे खारट पाणी वर येऊन पिण्याच्या भूजलात मिसळेल. म्हणून 2007 मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. खाण कंपनीच्या रसायन उद्योगातली मालमत्ता त्याच्या नावे झाली आणि डिसेंबर 2018 मध्ये शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाल्यावर पंप चालवण्याचा, पाणी राखण्याचा कायमचा खर्च त्या मालमत्तेच्या उत्पन्नातून होऊ लागला. खर्च कायमचा आहे हे तिथे कायदेशीरपणे मान्य केले गेले, हीच मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. यावर म्हणता येईल की जर्मनी श्रीमंत आहे, त्यांच्याकडे विकायला रसायन उद्योग होता, इतरांनी काय करावे? तर अमेरिकेने 1977 च्या कायद्याने प्रत्येक टन कोळशावर शुल्क बसवले आणि त्यातून बेवारस खाणींचे काम करण्याचा निधी उभा केला. जे शुल्क टनामागे वसूल होते ते खाण चालू असताना, पैसा हातात असताना वसूल होते. कोणताही देश हे करू शकतो. ज्याला जमिनीखालचा टनन् टन कोळसा मोजून त्यावर स्वामित्वधन (रॉयल्टी) घेता येते, त्याला त्याच टनावर पाण्याचे शुल्क का घेता येऊ नये? आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांच्या पंपांचा खर्च धरल्यावर एखादी खाण परवडत नसेल, तर ती कधीच परवडत नव्हती; तिचा तोटा आजवर फक्त दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला जात होता.

एक आक्षेप उरतो तो सौम्य आहे आणि मला बऱ्याच अंशी पटतो: हे पाणी पिण्याऐवजी कारखान्यांना, वीज केंद्रांना द्या आणि त्यांचे चांगले पाणी लोकांसाठी मोकळे करा. जिथे अशी अदलाबदल शक्य आहे तिथे ती आधी करावी. पण बऱ्याच खाणपट्ट्यांत कारखाने दूर असतात आणि तहानलेली वस्ती खाणीच्या कुंपणाला लागून असते. शिवाय शेतीला द्या म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे जमिनीत मुरले तर जमीनही जाते.

नळजोडणी करायचीच तर दोन गोष्टींवर मी अडून बसेन. एक, गावाचा दुसरा स्रोत कधीही बंद करायचा नाही. नमुना नापास झाला की त्याच तासाला खाणीचे पाणी तोडून दुसरे सुरू करता आले पाहिजे, आणि ती झडप पाणीपुरवठा खात्याच्या माणसाच्या हातात असली पाहिजे. दोन, पडद्यातून आलेले पाणी इतके मऊ असते की ते नळातला धातू खाऊ लागते. त्यात चुना आणि क्षार योग्य मात्रेत परत घालावे लागतात. किरकोळ वाटणारी ही पायरी वगळली तर काय होते? मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, नळांची झीज रोखणारे रसायन घातले नाही, आणि जुन्या नळांतले शिसे मुलांच्या रक्तात उतरले. तिथे खाण नव्हती, आम्ल नव्हते. पैसे वाचवू पाहणारे प्रशासन होते आणि तक्रारींकडे काणाडोळा करणारे अधिकारी होते. खाणीच्या पाण्याची भीती बाळगणाऱ्यांनी आपली भीती नेमकी इथे रोखावी.

म्हणून अशा प्रकल्पाची जनसुनावणी असेल तेव्हा पाणी विषारी आहे की शुद्ध, यावर घसा कोरडा करण्यात वेळ घालवू नये. ते प्रयोगशाळा सांगेल, आणि रोज सांगावे लागेल. निधीचे कागद मागावेत. चुन्याचा, विजेचा, पडद्यांचा, गाळाचा आणि तपासणीचा वर्षाचा खर्च किती धरला आहे, तो कोणत्या व्याजदराने किती वर्षांसाठी मोजला आहे, रक्कम कोणाच्या नावावर ठेवली आहे, आणि कंपनी विकली गेली किंवा बुडाली तर त्या रकमेला धनको हात लावू शकतात का, हे एकेक वाचून दाखवायला सांगावे. उत्तरे मिळेपर्यंत सुनावणी संपली असे इतिवृत्तात लिहू देऊ नये.